हवामान बदलाची बातमी: वार्ताहर, ब्लॉगर आणि वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

महाराष्ट्रात पूर, गारपीट, उष्म्याची बातमी देणारा माणूस बहुतेक वेळा तालुक्याचा वार्ताहर असतो. सकाळी बाजार समितीची सभा, दुपारी पोलीस ठाणं आणि संध्याकाळी झोपलेल्या द्राक्षबागेचे फोटो, असा त्याचा दिवस जातो. हवामानशास्त्र शिकायला त्याला कुणी सवड दिलेली नसते. मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीत काम केलं आणि आता नव्या वार्ताहरांसोबत, ब्लॉग लिहिणाऱ्या तरुण मुलामुलींसोबत बसतो. त्यांनी आणि काही चिकित्सक वाचकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

बातमीत नेमका कोणता शब्द वापरायचा? हवामान बदल, वातावरण बदल की तापमानवाढ?

इथे मराठीची खरी अडचण आहे. 'हवामान' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. आज दुपारी आभाळ भरून आलं, हेही हवामान. आणि रत्नागिरीत तीस वर्षांची पावसाची सरासरी किती, तेही हवामान. हिंदीत 'मौसम' आणि 'जलवायु' अशी दोन खाती आहेत, आपल्याकडे एकच. त्यातून घराघरात 'वातावरण बदललंय, पोरं आजारी पडतील' असं रोज म्हटलं जातं. मग 'वातावरण बदलाचा कांद्याला फटका' हा मथळा वाचणाऱ्याला वाटतं, चार दिवस ढगाळ होतं म्हणून करपा आला. कधी कधी बातमीतही तेवढंच असतं.

सरकारनेही एकच शब्द ठरवलेला नाही. केंद्राचा तो 'भारतीय हवामान विभाग', तर राज्याच्या मंत्रालयात 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग'. मी 'हवामान बदल' हाच शब्द धरतो, पण बातमीत पहिल्यांदा येताना त्याला एक वाक्य जोडतो: कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने, जंगलं तोडल्याने पृथ्वीचं सरासरी तापमान वाढून दीर्घकाळात झालेला बदल. 'जागतिक तापमानवाढ' हा शब्द फक्त तापमानापुरता. पाऊस, समुद्र, वादळं यांच्या बातमीत तो अपुरा पडतो. आणि चार दिवसांचं ढगाळ वातावरण असेल तर 'ढगाळ वातावरण' असंच लिहावं.

काही शब्द मात्र मी कापतो. 'निसर्गाचा कोप', 'वरुणराजा रुसला', 'लहरी निसर्ग'. कोप आणि रुसवा म्हटलं की कारण विचारायची सोयच राहत नाही. इंग्लंडच्या 'द गार्डियन'ने २०१९ मध्ये आपल्या लेखनसंहितेत बदल करून 'हवामान बदल' या सौम्य शब्दाऐवजी 'हवामान आणीबाणी', 'संकट' असे शब्द पसंत केले. मराठीत 'आणीबाणी' म्हटलं की पहिल्यांदा १९७५ आठवतं. त्यामुळे शब्द आपला आपणच घडवावा लागेल.

काल पडलेल्या पावसाला हवामान बदल जबाबदार आहे, असं लिहू का?

त्याच रात्री नाही. पण त्याच रात्री काहीच लिहायचं नाही, असंही नाही.

दुधाचं पातेलं आधीच कोमट असेल तर त्याच आचेवर ते लवकर उतू जातं. उतू कशामुळे गेलं, आचेमुळे की आधीच्या ऊबेमुळे? दोन्हींमुळे. कमी दाबाचा पट्टा, मान्सूनचा जोर, एल निनो किंवा ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं किंवा निवणं) ही आच झाली. हवेत आणि समुद्रात साठलेली जादा उष्णता ही ऊब. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे जुनं आणि पक्कं भौतिकशास्त्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. त्याच काळात या भागातला मान्सूनचा एकूण पाऊस मात्र घटत होता. पावसाचे दिवस कमी आणि पडला की कोसळणारा, हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं वर्णन आकड्यांत असं दिसतं.

म्हणून त्या रात्री असं लिहिता येतं: 'या एका पावसात हवामान बदलाचा वाटा किती, हे अभ्यासानंतरच कळेल, मात्र अशा पावसाच्या घटना या पट्ट्यात वाढल्याचं दिसून आलं आहे.' ही पळवाट वाटली तरी ती पळवाट नाही. दोन्ही अर्धी वाक्यं खरी आहेत आणि वाचकाला दोन्ही मिळायला हवीत.

अभ्यास आता लवकर होतात. 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' हा शास्त्रज्ञांचा गट काही दिवसांत किंवा आठवड्यांत निष्कर्ष देतो. तापमान वाढलेलं नसतं तर हीच घटना किती वेळा आणि किती जोराने घडली असती, याचा हिशेब ते नोंदी आणि संगणकीय प्रारूपं वापरून मांडतात. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या उष्णतेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ३० पट वाढली होती, असं त्यांना आढळलं. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. तो पाऊस हवामान बदलामुळे सुमारे १० टक्के जास्त तीव्र झाला होता, असं याच गटाला दिसलं. आणि डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पावसात शास्त्रज्ञांना हवामान बदलाचा ठसा सापडला नाही. हे शेवटचं उदाहरण मी मुद्दाम सांगतो. ज्या पद्धतीतून कधी 'नाही' असंही उत्तर येतं, तिच्या 'हो'वर विश्वास ठेवता येतो.

'ढगफुटी' कधी लिहायची?

फार क्वचित. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या छोट्या क्षेत्रात तासाला १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. हे ठरवायला तासाची नोंद लागते, जी बहुतेक गावांत नसते. म्हणून आपल्याकडे 'ढगफुटीसदृश' हा शब्द जन्माला आला. त्याला व्याख्या नाही आणि म्हणून तो कधीच खोटा ठरत नाही.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गावात ओढ्याचं पाणी घरांत शिरलं. गावकरी 'ढगफुटी झाली' म्हणाले, मी तसंच छापून आणलं. दोन दिवसांनी महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) पर्जन्यमापकाची नोंद पाहिली: दिवसभरात ७१ मिमी. मोठा पाऊस, पण जुन्या माणसांनी त्याहून मोठे पाहिलेले. ओढ्यावर भराव टाकून प्लॉट पाडले होते. तो भराव मी डोळ्यांनी पाहिला होता आणि बातमीत घेतला नव्हता. ढगफुटी म्हटल्यावर भरावाबद्दल कुणी विचारलंच नाही, ना वाचकांनी, ना अधिकाऱ्यांनी. पुढच्या वर्षी त्याच घरांत पुन्हा पाणी आलं.

नेमके शब्द उपलब्ध आहेत. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या भाषेत एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला की 'अतिवृष्टी'. या शब्दाला पंचनामा आणि मदत जोडलेली आहे. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर शेतकरी मदतीला पात्र होतो. शेजारच्या मंडळात ६३ मिमी नोंदला गेला आणि तिथलीही शेतं तितकीच वाहून गेली, तर खरी बातमी तिथे आहे: पर्जन्यमापक कुठे बसवला आहे, चालू आहे का, त्याच्यावर झाडाची फांदी तर नाही ना?

पावसाचा किंवा तापमानाचा आकडा छापण्याआधी काय तपासावं?

ठिकाण, वेळ आणि यंत्र.

२६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिमी पाऊस पडला, हे सगळ्यांच्या तोंडी आहे. तो सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिमी नोंदला गेला. 'मुंबईत पडला' असं म्हणताना कोणत्या मुंबईत, हे सांगावं लागतं.

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो. २३ तारखेचा म्हणून आलेला आकडा बराचसा २२ च्या पावसाचा असू शकतो. महाबळेश्वरच्या जुलै २०२१ च्या ५९४ मिमीच्या विक्रमी नोंदीबाबत तारखांचा जो गोंधळ अजून दिसतो, तो यातूनच.

आणि यंत्र. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश नोंदले गेले. देशाचा उच्चांक मोडला म्हणून जगभर मथळे झाले. हवामान विभागाने पथक पाठवून तपासणी केली तेव्हा तिथला संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. राजस्थानातल्या फलोदीचा १९ मे २०१६ चा ५१.० अंशांचा विक्रम कायम राहिला. त्या दिवशी दिल्ली आणि परिसरातली इतर केंद्रं काय दाखवत होती, हे ज्यांनी पाहिलं ते थबकले. विक्रम मोडला असं वाटेल त्या दिवशी शेजारची दोन केंद्रं बघा. त्याला पाच मिनिटं लागतात.

टक्क्यांबाबतही एक सांगायला हवं. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, हा पुण्यातल्याच शास्त्रज्ञांचा महत्त्वाचा निष्कर्ष. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) भोगलेल्या रायगड-रत्नागिरीला तो पटतोही. पण अरबी समुद्रात पूर्वी वर्षाला सरासरी एखादंच चक्रीवादळ व्हायचं. मूळ संख्या लहान असली की टक्का मोठा दिसतो. दोन्ही छापा.

सगळं खापर हवामान बदलावर फोडलं तर चुकतं कुठे?

मला या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्हाला भीती वाटायची की हवामान बदल कुणी मनावरच घेणार नाही. आता पालकमंत्र्यांपासून ठेकेदारापर्यंत सगळे तो शब्द वापरतात. पूल वाहून गेला, हवामान बदल. नाला तुंबला, हवामान बदल. हवामान बदल खरा आहे, म्हणूनच तो चांगला आडोसा ठरतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं गेलं. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं देशात मान्सून कमी पडला होता, अनुक्रमे सरासरीच्या ८८ आणि ८६ टक्के, आणि २०१५ ला जोरदार एल निनो होता. हे सगळं खरं. पण मांजरा धरणाच्या पट्ट्यात ऊस किती, कारखाने किती, भूजल किती खोलवरून उपसलं जात होतं, हेही तितकंच खरं. पाण्याच्या रेल्वेचे फोटो देशभर छापून आले. उसाचं क्षेत्र किती बातम्यांत होतं?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली आणि २०२१ मध्ये पुन्हा. पाऊस विलक्षण होता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबलं का, असा वाद झाला, समिती बसली. पण पंचगंगेच्या काठावर निळ्या पूररेषेच्या आत कोणकोणती बांधकामं मंजूर झाली, हा प्रश्न पाणी ओसरल्यावर मागे पडला. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. तेही नीट समजावून सांगावं लागतं. '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे आता शंभर वर्षं निश्चिंत, असं नव्हे. दरवर्षी एक टक्का शक्यता. शिवाय ती रेषा जुन्या पावसावर आखलेली आहे. पाऊसच बदलत असेल तर रेषा पुन्हा आखायला हवी. हवामान बदलाची बातमी आणि नगरपालिकेची बातमी इथे एकमेकींना भेटतात.

माळीण (जुलै २०१४), तळिये (जुलै २०२१), इर्शाळवाडी (जुलै २०२३). तीनही ठिकाणी जोरदार पाऊस, उतारावरची वस्ती आणि रात्रीत किंवा काही क्षणांत गाडली गेलेली माणसं. प्रत्येक वेळी आपण 'डोंगर कोसळला' असं लिहिलं. धोकादायक गावांच्या यादीत ते गाव होतं का, नसेल तर यादी कशी केली, असेल तर पुनर्वसनाचं काय झालं, हे लिहायला माहितीचा अधिकार कायदा आहे. अर्जाचं उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. तोवर बातमी शिळी झाली असं डेस्क म्हणेल. पण पुढचा जुलै येतोच.

मी एक सवय लावून घेतली आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे आभाळातून काय आलं, उजवीकडे माणसांनी काय ठरवलं. एक बाजू कोरी राहिली असेल तर बातमी पूर्ण झालेली नाही.

दोन्ही बाजू छापणं हा पत्रकारितेचा धर्म नाही का?

जिथे खरोखर दोन बाजू आहेत, तिथे आहे. रिफायनरी हवी की नको, अणुऊर्जा की सौर, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचं काय, इथे बाजू आहेत आणि त्या सगळ्या यायला हव्यात. पृथ्वी माणसामुळे तापते आहे का, या प्रश्नाला आता दोन समान बाजू नाहीत.

मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ या काळातल्या अमेरिकेच्या चार बड्या दैनिकांतल्या ६३६ लेखांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त लेखांनी शास्त्रज्ञांचं बहुमत आणि मूठभर शंकेखोर यांना सारखंच वजन दिलं होतं. वार्ताहर प्रामाणिक होते, नियम पाळत होते आणि वाचकाला चुकीचं चित्र मिळत होतं. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं की या विषयात आपण वारंवार चुकलो आणि समतोलासाठी हवामान बदल नाकारणारा माणूस बोलावण्याची गरज नाही.

मराठीत उघड नाकारणारे कमी. आपल्याकडे 'हे चक्र असतंच, १९७२ ला पण दुष्काळ होता' असं म्हटलं जातं. त्याला झिडकारू नये. १९७२ चा दुष्काळ खराच होता, नैसर्गिक चढउतारही खरे आहेत. दुष्काळ पूर्वी होता म्हणून आताचा बदल खोटा ठरत नाही, एवढं शांतपणे सांगावं.

ब्लॉगवर, यूट्यूबवर लिहिणाऱ्यांचं कितपत ऐकावं?

या विषयात ब्लॉगनी चांगलं आणि वाईट दोन्ही मोठ्या प्रमाणावर केलं आहे. २००४ च्या डिसेंबरात हवामानशास्त्रज्ञांनी मिळून 'रिअलक्लायमेट' सुरू केला. वर्तमानपत्रांना जे समजावून सांगता येत नव्हतं ते शास्त्रज्ञ स्वतः लिहू लागले. दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या जागतिक हवामान परिषदेच्या तोंडावर, ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचे ईमेल चोरून बाहेर काढले गेले. ते आधी ब्लॉगवर पसरले आणि मग मुख्य माध्यमांत आले. संदर्भ तोडून काढलेली दोन-चार वाक्यं जगभर फिरली. पुढे ब्रिटनमध्ये एकापाठोपाठ चौकश्या झाल्या. आकडेवारी बनावट असल्याचं कुठेच आढळलं नाही, माहिती खुली करण्यात शास्त्रज्ञ कमी पडले एवढा ठपका आला. ईमेलच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या. चौकशांचे निष्कर्ष आतल्या पानांवर गेले.

भारतात हवामानाचे हौशी अभ्यासक चांगलं काम करतात. 'तमिळनाडू वेदरमॅन' प्रदीप जॉन यांचं नाव चेन्नईत घराघरात आहे. ते उपग्रहाची चित्रं, रडार, जुन्या नोंदी लोकांना सोप्या भाषेत सांगतात. अशा माणसाची एक ओळख असते: तो स्वतःचा चुकलेला अंदाज पुसून टाकत नाही.

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर 'अमुक तारखेला अमुक जिल्ह्यात पाऊस' असे महिनाभर आधीचे अंदाज फिरतात. विज्ञानाच्या आजच्या ताकदीत, जिल्ह्याला आणि तारखेला बांधलेला अंदाज आठवडा-दहा दिवसांपलीकडे भरवशाचा राहत नाही. शेतकरी त्यावर पेरणी करतो, म्हणून याला करमणूक म्हणून सोडून देऊ नये. अशा अंदाजांची हंगामभर नोंद ठेवा आणि हंगामाच्या शेवटी किती बरोबर आले ते छापा. हवामान विभागाच्या अंदाजांनाही हीच फूटपट्टी लावा.

शास्त्रज्ञांचा अहवालच चुकला तर?

चुकला आहे, आणि त्या चुकीच्या मुळाशी एक बातमी होती. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं छापलं गेलं. हे साल १९९९ मध्ये एका ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकाने छापलेल्या मुलाखतीतून एका पर्यावरण संस्थेच्या अहवालात आलं होतं आणि तिथून जगाच्या सर्वोच्च अहवालात शिरलं. मूळ शोधनिबंध कुणी उघडून पाहिलाच नाही. भारत सरकारसाठी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये वेगळं चित्र मांडलं, तेव्हा त्यांची हेटाळणी झाली. जानेवारी २०१० मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली.

हिमनद्या वितळत आहेत, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण एका सालाने वर्षभर सगळा विषय झाकोळला. म्हणून तिसऱ्याच्या हवाल्याने आलेला आकडा मी मूळ कागद पाहिल्याशिवाय घेत नाही, मग तो कितीही मोठ्या संस्थेच्या शिक्क्याने आलेला असो.

'२०५० पर्यंत मुंबई पाण्याखाली' हे खरं आहे का?

तसं त्या अभ्यासात म्हटलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्लायमेट सेंट्रल' संस्थेच्या संशोधकांनी किनाऱ्यालगतच्या जमिनीची उंची नव्या पद्धतीने मोजली. अवकाशातून घेतलेल्या जुन्या नोंदी इमारती आणि झाडांच्या शेंड्यांना जमीन समजत होत्या, त्यामुळे किनारे होते त्याहून उंच वाटत होते. नव्या हिशेबाने २०५० मध्ये जगात सुमारे १५ कोटी लोक आज जिथे राहतात ती जमीन भरतीच्या पातळीखाली असेल, असं निघालं. त्यात समुद्राच्या भिंती किंवा बांध धरलेले नव्हते. भरतीच्या पातळीखाली असणं आणि कायमचं बुडणं यात फरक आहे. वरळी कोळीवाड्यात भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं, हे तिथल्या मावशींना विचारलं तर ती बातमी त्या नकाशापेक्षा जास्त काही सांगेल.

'शक्यता' या शब्दाचं काय करायचं?

आयपीसीसीच्या अहवालांत त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: एक शब्द किमान ६६ टक्के, दुसरा किमान ९० टक्के, तिसरा किमान ९९ टक्के खात्रीसाठी. मराठीत येताना तिन्हींची 'शक्यता' होते. सोपा उपाय म्हणजे टक्का लिहून टाका.

उष्माघाताचे मृत्यू इतके कमी कसे दिसतात?

कारण उष्णता एकटी मारत नाही. ती हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रोग्याला मारते आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिलं जातं. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर संशोधकांनी त्या महिन्यातले सर्व मृत्यू इतर वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे भरले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आपल्या शहरासाठी महापालिकेच्या मृत्युनोंदणीतून असाच हिशेब मांडता येतो. एप्रिल-मेचे आकडे पाच-सात वर्षांचे मागा.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लाखोंमधले १४ जण दगावले. आसपासच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या घरात होता. विदर्भातल्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटेल. पण किनारी दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान विभागाच्या निकषात किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, मैदानात ४० पासून. बातमीत तापमानासोबत आर्द्रता द्याच. आणि फोटो कारंज्यात खेळणाऱ्या मुलांचा नको. डांबर टाकणारे, ऊस तोडणारे, वीटभट्टीवरचे, टपरीत बसलेले फोटोत यायला हवेत.

भारताची बाजू मांडताना आपण सरकारची भाषा बोलू लागतो का?

तो धोका असतो. तरीही भारताची बाजू खरी आहे, ती सरकारी म्हणून टाकून देऊ नये. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी अमेरिकेतल्या एका संस्थेने मांडलेल्या देशोदेशींच्या उत्सर्जनाच्या आकड्यांना हात घातला. भातखाचरातून आणि गुराढोरांतून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तराजूत कसा तोलता, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन हा फरक तेव्हापासून चर्चेत आला. आजही एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे आणि दरडोई उत्सर्जनात जागतिक सरासरीच्या बराच खाली. एकच आकडा देणारी बातमी अर्धी. आणि हाच तराजू देशाच्या आतही लावायचा असतो: मुंबईतल्या वातानुकूलित मनोऱ्याचं उत्सर्जन आणि मेळघाटातल्या पाड्याचं उत्सर्जन.

शेतकऱ्याचा अनुभव पुरावा धरायचा का?

साक्ष म्हणून धरायचा. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हवामान बदलावर जी मालिका केली, ती पूर्णपणे माणसांच्या बोलण्यावर उभी आहे: मच्छीमार, धनगर, मध गोळा करणारे. मराठीतूनही ती वाचता येते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात, विदर्भात दिवसेंदिवस गारा पडल्या, तेव्हा सत्तरीतले शेतकरी 'उभ्या जन्मात असं पाहिलं नाही' म्हणत होते. हे वाक्य मौल्यवान आहे. पण माणूस चांगली वर्षं विसरतो आणि वाईट लक्षात ठेवतो, म्हणून त्या साक्षीला नोंदीची जोड द्यावी. दोन्ही जुळलं तर बातमी भक्कम होते. न जुळलं तर आणखी विचारावं. कदाचित पाऊस तेवढाच असेल पण मृगाऐवजी आर्द्रात पडत असेल, आणि सरासरीच्या आकड्याला ते कळणारच नाही.

'पर्यावरणपूरक' जाहिराती आणि पुरवण्यांचं काय?

५ जूनच्या पुरवणीत जाहिरात आणि बातमी यांतली रेघ पुसट होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भ्रामक हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'कार्बन न्यूट्रल', 'निसर्गस्नेही' असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. कंपनीचं पत्रक आलं की तो पुरावा मागा. जिथे पैसे घेऊन मजकूर छापला, तिथे 'जाहिरात' हा शब्द ठळक हवा.

मी तालुका वार्ताहर आहे. सुरुवात कुठून करू?

तहसील कार्यालयातून. तुमच्या मंडळाच्या पावसाची मिळतील तितक्या वर्षांची नोंद घ्या. वर्षाचा एकूण आकडा, अडीच मिमी किंवा त्याहून जास्त पावसाचे दिवस, सर्वात मोठा एक दिवस आणि पेरणीनंतरचा सर्वात लांब खंड, एवढे चार रकाने करा. शाळेची जुनी हजेरी, ग्रामपंचायतीच्या टँकरच्या नोंदी, बाजार समितीत पहिला आंबा किंवा पहिला हरभरा कधी आला त्याच्या पावत्या, हे सगळं हवामानाचं दप्तर आहे आणि ते अजून कुणी उघडलेलं नाही.

मग पर्जन्यमापक पाहायला जा. तो कुलूपबंद आवारात असेल, किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, नोंद रोज सकाळी साडेआठला कोण घेतं, तो माणूस रजेवर असताना कोण घेतं, हे विचारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मापकाशेजारी एक शिपाई काका उभे होते. बावीस वर्षं ते नोंद घेत होते आणि त्यांच्या खिशात एक वेगळी छोटी वही होती. तिच्यात मिलिमीटरसोबत ओढ्याला पाणी कुठपर्यंत आलं होतं, हेही लिहिलेलं होतं.